बिनदगडाच्या गावचा भूशास्त्रज्ञ

ज्या कॉलेजात मी भूशास्त्र शिकलो, तिथला विभाग यंदा गुंडाळला गेला. मुलं येत नाहीत आणि फील्डचा खर्च परवडत नाही, ही कारणं. इकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला, म्हणजे आमच्या बोलीत जीएसआयला, १७५ वर्षं झाली. या दोन्ही बातम्या पाठोपाठ वाचल्या आणि कृष्णन आठवले.

महाराजपुरम सीताराम कृष्णन. जन्म १८९८ चा. तंजावर जिल्ह्यातलं त्यांचं महाराजपुरम तिरुवैयारुच्या टापूतलं. मराठी माणसाला तिरुवैयारु माहीत असतं ते त्यागराजांच्या आराधनेमुळे आणि तंजावर व्यंकोजी-सरफोजींमुळे. हा सगळा मुलूख कावेरीच्या गाळाचा. कुठंही खणा, माती आणि वाळूच लागते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा ग्रॅनाइटसुद्धा लांबून आणावा लागला. तिथल्या पोरानं जन्मभर दगडांच्या मागे हिंडावं, याची मला अजून गंमत वाटते.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो. मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातली डॉक्टरेट, १९२४ मध्ये जीएसआयची नोकरी. मग ओडिशाकडच्या गांगपूर संस्थानात पायपीट आणि १९३७ मध्ये त्यावरचा ग्रंथ. १९४३ मध्ये ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया अँड बर्मा’ आलं, तेही मद्रासच्या लॉ जर्नल ऑफिसतर्फे. १९५१ मध्ये ते जीएसआयचे पहिले भारतीय संचालक झाले.

इथं जरा थांबलं पाहिजे. भारताचे खडक तपासणाऱ्या खात्याला भारतीय प्रमुख मिळायला शंभर वर्षं लागली. लायक माणसं नव्हती असं नाही. प्रमथनाथ बोस १८८० पासून खात्यात होते. १९०३ मध्ये त्यांना डावलून हॉलंडसाहेबांना वर बसवलं. बोस राजीनामा देऊन बाहेर पडले आणि पुढं मयूरभंजचं लोखंड त्यांनीच टाटांना दाखवलं. कृष्णन यांची नेमणूक ही त्या जुन्या थकबाकीची उशिरा झालेली फेड होती.

माझं दशक साठचं. निवृत्तीनंतर कृष्णन १९६१ मध्ये हैदराबादच्या नव्या एनजीआरआयचे, राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे, पहिले संचालक झाले. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांचं पुस्तक रटाळ वाटायचं. थरांमागून थर, तक्त्यांमागून तक्ते. आमच्या एका सरांनी त्याच्या सायक्लोस्टाइल नोट्स काढल्या आणि पुस्तक उघडायची गरजच संपवली. हा अपराध मी अजून माफ केलेला नाही. पुस्तकात एखाद्या खडकाबद्दल कोण काय म्हणतो आणि मतभेद कुठं आहे, हे मांडलेलं असे. नोट्समध्ये वाद गळाले आणि फक्त उत्तरं उरली. त्यातलं एक उत्तर होतं, द्वीपकल्प स्थिर आहे. ते लिहिलं की मार्क पक्के.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाचा परिसर भूकंपानं हादरला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. काही दिवसांनी आम्ही तिथं पोचलो. मातीत रचलेल्या दगडी भिंती बाहेरच्या अंगाला कोसळल्या होत्या आणि छपरं जमिनीला टेकली होती. शेतातल्या भेगेवर हातोडा आडवा ठेवून आम्ही फोटो काढले, म्हणजे रुंदीचा अंदाज यावा. भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. स्थिर द्वीपकल्पाचे मार्क खिशात घालून आलेले आम्ही एकमेकांकडे बघेनासे झालो.

धरणाचा आणि भूकंपाचा काडीचा संबंध नाही, असं ठासून सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. एनजीआरआयमधल्या हरी नारायण, हर्ष गुप्ता यांनी मात्र जलाशयाची पाणीपातळी आणि धक्के शेजारी शेजारी मांडून पाहिले. आज जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात. हे काम करायला भूकंपाआधी सहा वर्षं एक संस्था उभी होती, याचं मोल ठासून बोलणाऱ्यांना कधी कळलं नाही. १९६८ मध्ये कृष्णन यांच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती आली आणि १९७० मध्ये ते गेले.

नंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं मला फारसं दिसत नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, हे उत्तमच झालं. पण जमिनीच्या पोटातलं ऐकणारी यंत्रं आली तशी डोंगरावर चालणारी माणसं कमी झाली. विद्यार्थी गुगलच्या नकाशावर घाट बघतात आणि त्यालाच फील्ड म्हणतात. जुलै २०१४ मध्ये माळीण गेलं, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दर वेळी दरड पडल्यावर चॅनेलवाले भूशास्त्रज्ञ शोधत फिरतात, आठवडाभर चर्चा होते आणि विषय मिटतो.

कृष्णन यांच्या नावानं आणखी एखादा पुरस्कार काढू नका. घाटमाथ्याच्या प्रत्येक तालुक्यात एक पगारी भूशास्त्रज्ञ नेमा, वळीव पडायच्या आत त्याला डोंगर चढायला लावा आणि त्यानं ‘इथून वस्ती हलवा’ असं लिहून दिलं, तर तो कागद फायलीत दाबू नका.