समूहोपचारातील शरीर-मन सजगता आणि आत्मीयता : एक विवेचन

समूहोपचार म्हणजे अनेक रुग्णांवर एकाच वेळी उपचार करण्याची सोय, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. १९०५ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरुग्णांचे वर्ग भरविले, तेव्हाच समदुःखी माणसांच्या सहवासाचे मोल लक्षात आले होते. पुढे आयर्विन यालोम यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात समूहात 'आत्ता आणि इथे' जे घडते त्यावर भर दिला. या 'आत्ता'ची पहिली खूण शरीरात उमटते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय.

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण म्हणजे डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. तेथील उपचारांत योग, ध्यान आणि समूहोपचार यांना स्थान आहे. वरकरणी या बाबी स्वतंत्र वाटतात. परंतु त्यांच्यातील सांधा महत्त्वाचा आहे.

व्यसनी व्यक्ती आपली कहाणी पुष्कळदा सांगून त्यात सराईत झालेली असते. ऐकणारे माना डोलावतात, मात्र अंतर कायम राहते. अशा वेळी समुपदेशकाने 'हे सांगताना आत्ता शरीरात काय जाणवते?' असे विचारल्यास कथनाचा ओघ थांबतो. घसा कोरडा पडला आहे, छातीवर दडपण आहे, असे शब्द अडखळत येतात. त्यांत सफाई नसते, म्हणूनच ते समोरच्यास भिडतात; 'माझ्याही पोटात गोळा आला' असे दुसरा म्हणतो आणि आत्मीयतेचा आरंभ होतो. पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, ऊर भरून येणे हे शब्द शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ करून घेतले जातात. वस्तुतः ती शरीराची साक्ष आहे.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही संवेदनांचे निरीक्षण असते, परंतु तेथे साधकांना परस्परांशी मौन पाळावे लागते. समूहोपचारात तीच जाणीव दुसऱ्यापुढे उच्चारली जाते. भेद येथे आहे.

मात्र हे तंत्र सर्वांना सरसकट लागू करणे धोक्याचे ठरते. ज्याने मारहाण वा अत्याचार सोसला आहे, त्यास डोळे मिटून शरीराकडे लक्ष देण्यास सांगितल्यास जुनी भीती उसळून येऊ शकते. त्याने डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवावेत, नको वाटल्यास गप्प बसावे. संमतीविना स्पर्श तर सर्वथा वर्ज्य मानावा. बोलण्यास नकार देणाऱ्याचीही समूहातील जागा अबाधित राहते, हे समुपदेशकाने पहिल्याच बैठकीत स्पष्ट करणे आवश्यक आहे.