कोर्स मुलीचा, ड्युटी सगळ्या घराची

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी नळावर चक्कर येऊन पडली. हंडा घरंगळत गेला, कोपर सोलले. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि एकच धोशा लावून बसली होती, "मावशी, साडेनऊला क्लास आहे, मला सोडा." बी.कॉम. झालेली पोर. चार महिन्यांच्या कोडिंगच्या कोर्सचा सहावा आठवडा चालू होता. फीसाठी आईने भिशी आधी उचलली होती आणि कानातले मोडले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले.

या कोर्सना बूटकॅम्प म्हणतात. कॉलेजात जे वर्षानुवर्षे शिकवतात, त्यातले नोकरीपुरते तीन-चार-सहा महिन्यांत शिकवायचे, असा त्याचा घाट. सकाळी वर्ग, दुपारी सराव, संध्याकाळी प्रोजेक्ट. एचटीएमएल झाले की सीएसएस, मग जावास्क्रिप्ट, मग डेटाबेस. एक आठवडा हुकला की पुढचा कळत नाही, कारण सगळे एकावर एक रचलेले असते. आपल्या वस्तीतली मुले-मुली आता या कोर्सना जायला लागली आहेत, याचा मला आनंदच आहे. म्हणून हे आरोग्याच्या पानावर लिहिते आहे.

या मुलीचा दिवस मी तिच्याकडून लिहून घेतला. पहाटे ५ ला पाणी. मग डबे, भाकरी. साडेनऊ ते सहा क्लास. घरी आल्यावर भांडी, धाकट्याचा अभ्यास. रात्री १० ला सगळे आडवे झाले की ती लॅपटॉप उघडायची, तो १ वाजेपर्यंत. झोप चार तास. जेवण चहा-खारीवर.

मी रात्रपाळ्या केल्या आहेत. सलग चौथ्या रात्री पहाटे ४ वाजता एकच औषधाचा कागद तीनदा वाचावा लागायचा, तरी डोक्यात उतरायचा नाही. कोडचे तसेच आहे. एक स्वल्पविराम चुकला तरी प्रोग्राम चालत नाही, आणि पेंगुळलेल्या डोळ्याला स्वल्पविराम दिसत नाही. शिवाय दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. म्हणजे झोप कापून केलेला अभ्यास हा भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्री साडेदहानंतर अडलेली चूक तशीच सोडून झोपा. सकाळी ती बऱ्याचदा दहा मिनिटांत सापडते.

पण झोपायचे म्हटले तर घरकाम कोण करणार? मी तिच्या आईवडिलांशी बोलायला गेले. वडील म्हणाले, "पाणी भरायला किती वेळ लागतो?" मी विचारले, "दादा, पोरगा कोर्सला असता तर त्याला नळावर पाठवले असते का?" ते गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून भाऊ पाणी भरायला लागला, कुरकुरत का होईना. भांडी आईने घेतली. चार महिन्यांपुरतीच गोष्ट होती. घरात कोणी रात्रपाळीला असले की आपण त्याच्या झोपेला जपतो ना, तसेच हे.

आता रक्ताचे. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आले. १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. अशा मुलीला दुपारी डोळ्यावर झापड येते, लक्ष लागत नाही, आणि ती समजते आपल्याला हे जमतच नाही. डोके चांगले असते हो, रक्त कमी असते. कोर्स सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. शौचाला काळे होईल, घाबरू नका. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर चांगले लागते. कलेजी, सुकट, हरभरे, पालेभाजी डब्यात असू द्या.

पाठ आणि डोळे. खाटेवर पोटावर लॅपटॉप घेऊन बसाल तर महिन्यात मान धरते. टेबल नसेल तर पत्र्याची पेटी चालते, वर दोन पाट ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा. मात्र हात उंच टांगले जात असतील तर साधा कीबोर्ड वेगळा जोडा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्याने डोळे चुरचुरतात. आमच्या मुलीने विहाराच्या अभ्यासिकेत जागा धरली. तिथे टेबल आहे, पंखा आहे, आणि कोणी "जरा मीठ आणून दे" म्हणत नाही.

शिकण्याबाबत दोन सवयी मी तिला वॉर्डातल्या दिल्या. पाळी संपताना नर्स पुढच्या नर्सला वहीत लिहून देते: काय झाले, काय बाकी, कशावर लक्ष ठेवायचे. तशी रोज संध्याकाळी पाच ओळींची वही स्वतःसाठी लिहायची. दुसरी, मदत मागण्याची. डॉक्टरांना फोन करून "पेशंट बरा नाही" म्हटले तर ते ओरडतात. नेमके सांगावे लागते. तसेच अर्धा तास स्वतः झटायचे, मग सरांना सांगायचे: मला हे व्हायला हवे होते, हे झाले, मी हे करून पाहिले. आलेली एरर पूर्ण वाचायची. पायथनमध्ये तर सगळ्यात खालची ओळ आधी, चूक कसली ते तिथेच लिहिलेले असते. आपल्या मुलींना हात वर करायची लाज वाटते, इंग्रजी तुटके म्हणून. मोडक्या मराठीत विचारा, पण विचारा. आणि चॅटजीपीटीने दिलेला कोड समजल्याशिवाय चिकटवू नका. मुलाखतीत तोच समजावून सांगायला लावतात.

पैसे भरण्याआधी फ्रीकोडकॅम्पवर महिनाभर फुकट शिकून बघा, आवडते का ते कळते. "फी हप्त्याने" म्हणजे पुष्कळदा मुलीच्या नावावर कर्ज असते. कोर्स मध्येच सुटला तरी हप्ता सुटत नाही. "नोकरीची हमी" शब्द दिसला की अटींचा कागद घरी आणा, वस्तीतल्या शिकलेल्या दोघांना वाचायला द्या.

आमच्या मुलीचा एक प्रोजेक्ट राहिला होता, तो तिने नंतर पुरा केला. कोर्स संपल्यावर तीन महिने काहीच आले नाही. घरात बोलणी बसली, आईच्या रिकाम्या कानांकडे बघून ती रडायचीही. आता एका छोट्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागली आहे, पगार बेताचा. मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.३ आले. गोळ्या अजून चालूच ठेवायला सांगितल्या आहेत. पाणी अजून भाऊच भरतो.