व्हाळाचे पाणी किती? मोजून पाहू या!

बालमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

दिवाळी सरली की वाडीवाडीत एकच विषय निघतो. एक म्हणतो, "औंदा व्हाळाक पाणी भरपूर आसा." दुसरा म्हणतो, "खय आसा? माघात आटतला." वायंगण किती करायचे, पाण्याची पाळी कुणाची, हे अशा बोलण्यावर ठरते. पण भरपूर म्हणजे किती? विहिरीचे पाणी उभे असते, व्हाळाचे धावते. म्हणून तिथे "एका सेकंदात किती लिटर जाते?" असे विचारावे लागते. यालाच विसर्ग म्हणतात. तो मोजायच्या काही रीती पाहू.

पहिली रीत : बालदी आणि घड्याळ
पाणी थोडे असेल तर ते पोफळीच्या पन्हळीतून किंवा पाइपातून एका धारेने पाडावे. खाली बालदी धरावी आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहावे. तीनदा मोजून सरासरी काढावी. समजा, 15 लिटरची बालदी 30 सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. दिसायला धार बारीक, पण तासाला 1,800 लिटर आणि दिवसरात्रीत 43,200 लिटर झाले की नाही?

दुसरी रीत : तरंगती बाटली
पाट मोठा असला तर बालदी पुरत नाही. मग पाटाचा सरळ भाग निवडून 10 मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून, ती गळ्यापर्यंत बुडून तरंगेल अशी करून सोडावी. सोडणाचा तुकडा हलका, त्याला वारा ढकलतो, म्हणून तो नको.

समजा, बाटलीला 40 सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला 0.25 मीटर. पण मधले, वरचे पाणी जोरात धावते. तळाचे आणि काठाचे घासत, रेंगाळत जाते. म्हणून या वेगाला बहुधा 0.8 ने गुणतात. तळ फार खडकाळ असला तर त्याहूनही कमी धरतात. आपला वेग आला 0.2 मीटर. चिऱ्याने बांधलेला पाट 1 मीटर रुंद आणि सरासरी 15 सेंटीमीटर खोल असेल, तर

1 × 0.15 × 0.2 = 0.03 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 30 लिटर.

आता गंमत पाहा. दुसरा पाट याच्या निम्मा रुंद, खोली तेवढीच, पण वेग 0.6 मीटर. त्यातून सेकंदाला 45 लिटर जातात! नुसत्या डोळ्यांनी पाहणारा रुंद पाटालाच मोठा म्हणेल.

तिसरी रीत : त्रिकोणी खाच
पत्र्याला काटकोनाची खाच पाडून तो ओहोळात आडवा बसवतात, म्हणजे सगळे पाणी खाचेतूनच पडते. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची थोडी मागे, वरच्या अंगाला मोजतात. उंची 10 सेंटीमीटर असली तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 20 असली तर सुमारे 25 लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी पाचपटीहून जास्त! धरणातून झिरपणारे पाणीही इंजिनिअर लोक अशाच खाचेने मोजतात. ते अचानक वाढले किंवा गढूळ आले, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

मोठ्या नदीत करंट मीटर वापरतात. त्याला वाट्यांचे चाक असते. पाणी जोरात तितके चाक भरभर फिरते. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे; ती 1916 साली सुरू झाली. तिथे अशी मीटरे ट्रॉलीला बांधून उभ्या पाण्यातून ठरावीक वेगाने ओढतात आणि ती बरोबर दाखवतात का ते तपासतात. वर्तमानपत्रात "क्युसेक" येते ना? 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर.

मात्र देवबागला कर्ली किंवा कालावलला गड नदी समुद्राला मिळते, तिथे या रीती नुसत्या चालत नाहीत. भरतीला पाणी उलटे वर चढते, हे आपल्या रापणकरांना सांगायला नको. भरती पोचत नाही अशा जागीच मोजावे.

मग उपयोग काय? वायंगणाच्या कुणग्यांना दिवसाला 1 सेंटीमीटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला सुमारे 1,000 लिटर लागतात. वरच्या बारीक धारेवर हिशेबाने 43 गुंठे भिजतील. वाटेत निम्मे झिरपले तर 21. आणि माघात तीच बालदी भरायला 60 सेकंद लागू लागले, तर त्याच्याही निम्मे. लावणी आधीच जास्त झाली असेल, तर पोटरीला आलेले भात डोळ्यांदेखत करपते, आणि मग पाळीवरून भावाभावांत वाजते.

म्हणून पंधरा दिवसांनी एकदा, एकाच जागी मोजून वहीत तारखेसह लिहावे. दोन-तीन वर्षांची वही झाली की व्हाळ कधी आटू लागतो ते दिसेल, आणि किती कुणगे लावायचे ते कार्तिकातच ठरवता येईल. या कामात मोठ्यांनी मुलांना सोबत घ्यावे. मुलांनी पावसाळ्यात व्हाळात मुळीच उतरू नये. वर डोंगरात पाऊस पडला की लोंढा सांगून येत नाही.

बालदी घरात आहे, घड्याळ आहे, वही आहे. येत्या रविवारी सुरुवात करू या!