घरगुती ओव्हरक्लॉकिंगसाठी रॅमची पारख

घरी स्वतः जुळवलेल्या संगणकाबाबत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचीच चर्चा अधिक होते. परंतु ते यंत्र कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवण्याचा, म्हणजेच ओव्हरक्लॉक करण्याचा, विचार असेल तर रॅमच्या प्रकाराचा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण मदरबोर्ड घेतला की तो प्रकारही कायमचा ठरून जातो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पिढ्यांच्या डेस्कटॉप स्टिकला २८८ पिना असल्या, तरी मधली खाच निरनिराळ्या जागी असल्याने एका पिढीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि सिंधीपुऱ्यासारख्या बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत राहून इंदूर-जळगावहून किंवा कुरिअरने सुटे भाग मागवणाऱ्याला ही गफलत चांगलीच महागात पडते.

या स्टिकवरची, डीरॅम या नावाने ओळखली जाणारी स्मृती आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांच्या १९६६ मधील कल्पनेतून आली. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर मिळून एक बिट धरून ठेवायचा, ही ती कल्पना. १९७० मध्ये इंटेलच्या ११०३ या चिपने डीरॅम बाजारात रुजवली. कपॅसिटरमधला भार मात्र माठातल्या पाण्यासारखा सतत पाझरत राहतो, म्हणून तो ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात आणि ती डीडीआर४ मध्ये ६४, तर डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंदांत एकदा सगळ्या ओळींवरून फिरून यावी लागते.

नव्या यंत्रापुरता पिढीचा वाद आता बराचसा मिटलेला आहे. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळत असत, परंतु २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेने डेस्कटॉपवर तो पर्यायही बंद केला. घरात आधीपासून चांगली डीडीआर४ किट पडून असेल आणि खर्चाला खरोखरच कात्री लावायची असेल, तरच एएम४ किंवा जुन्या इंटेल बोर्डाचा विचार करणे शहाणपणाचे आहे.

मात्र डीडीआर५ घ्यायची म्हणजे खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा उचलायचा, असे नव्हे. ६००० हा आकडा पुष्कळदा मेगाहर्ट्झ म्हणून छापलेला असतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला होणारी ६०० कोटी हस्तांतरणे दाखवतो, आणि प्रत्येक ठोक्याला दोन हस्तांतरणे होत असल्याने घड्याळ त्याच्या निम्म्याच वेगाने चालते. दुसरा आकडा सीएल, म्हणजे मागणी केल्यापासून पहिली माहिती हाती येईपर्यंत जाणारे ठोके. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की हा विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर५-६००० सीएल३० या दोहोंचा विलंब बरोबर १० नॅनोसेकंद येतो, तर डीडीआर५-५६०० सीएल४६ या स्वस्त किटचा सोळाच्या वर जातो. नवी पिढी म्हणून घेतलेली रॅम या एका बाबतीत जुनीपेक्षा मंद निघू शकते, आणि विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो.

रायझन ७००० प्रोसेसरांच्या वेळी एएमडीने स्वतःच ६००० हा वेग सर्वांत सोयीचा म्हणून सांगितला होता. त्या वेगाला प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने धावतो. त्याच्या फार पुढे गेल्यास कंट्रोलर निम्म्या वेगावर आणावा लागतो आणि वाढीव आकड्याचा बराच लाभ तिथेच आटतो. हा वेग आपोआपही मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही किटमध्येच नोंदलेली मांडणी चालू करावी लागते, अन्यथा ६००० साठी पैसे मोजलेली रॅम निमूटपणे ४८०० वर चालत राहते. त्यानंतरच्या पहिल्या बूटला बोर्ड रॅमशी जुळवून घेत असताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. यंत्र बिघडले असे समजून त्या वेळी वीज बंद करू नये.

चारही स्लॉट भरण्याचा मोहही आवरावा. रायझन ७००० साठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० चा वेग मान्य केला, चार स्टिकना केवळ ३६०० चा. म्हणून १६ जीबीच्या दोन स्टिकची एकच किट घेऊन, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ती बसवणे इष्ट. पुढे तशीच दुसरी किट जोडू, हा हिशेब ओव्हरक्लॉकिंगमध्ये सहसा फसतो.

दराचे गणित २०२५ च्या उत्तरार्धात पार विस्कटले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचे लक्ष कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळल्याने रॅम झपाट्याने महागली, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकोपयोगी व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. अशा बाजारात महागड्या ८००० च्या किटपेक्षा ६००० सीएल३० किंवा सीएल३६ वर थांबणे अधिक योग्य.

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, ही गोष्ट तर निवडीच्या यादीत वरच असायला हवी. डीडीआर५ चा मूळ दाब १.१ व्होल्ट असला तरी वेगवान मांडणीत तो १.३५ किंवा १.४ पर्यंत चढतो, शिवाय व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप या पिढीत स्टिकवरच बसवलेली असल्याने तिची उष्णताही तिथेच साठते. तापमानाबरोबर कपॅसिटरची गळती वाढते. ८५ अंशांच्या वर दुप्पट वेळा रिफ्रेश करावे, असे मानकातच म्हटले आहे. वेग वाढवण्यासाठी हौशी मंडळी रिफ्रेशमधील अंतर ताणतात, आणि नेमके तेच उन्हाळ्यात अंगलट येते. त्यामुळे स्टिकला उष्णता पसरवणारे धातूचे आवरण आणि कॅबिनेटमध्ये तिच्यावरून जाणारी हवा, या दोन्हींची तरतूद आधीच करावी. मेमटेस्ट८६ सारखी चाचणी डिसेंबरच्या रात्री निर्दोष पार पडली तरी तिच्यावर विसंबू नये; ती मेच्या दुपारी, ग्राफिक्स कार्ड तापलेले असताना, पुन्हा घ्यावी, स्टिकमधील संवेदकाचे तापमान पाहावे, आणि एखादी जरी चूक आढळली तरी रिफ्रेशमधील अंतर कमी केलेली, थोड्या कमी व्होल्टेजची दुसरी मांडणी बायोसमध्ये उन्हाळ्यासाठी वेगळी जतन करून ठेवावी.