पाण्यातला महाल

मुलांनो, ‘हौज’ आणि ‘कटोरा’ हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. हौजाला मराठीत हौद म्हणतात. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळ, ‘हौज कटोरा’ नावाची एक जुनी इमारत आहे.

अचलपूर ही वऱ्हाडच्या सुलतानांची राजधानी होती. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क येथे स्वतंत्र झाला. त्याच्या घराण्याला इमादशाही म्हणतात. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य जिंकले.

हौज कटोरा अष्टकोनी आहे, म्हणजे त्याला आठ बाजू आहेत. तो तलावाच्या मधोमध बांधला होता. कशासाठी? आपला वऱ्हाडी उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे! कूलरच्या ओल्या ताटीतून वारा गार होऊन येतो ना? तसाच पाण्यावरून येणारा वारा गार होऊन कमानींतून आत शिरे.

पाण्याची हौस फ्रान्सच्या राजालाही होती. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये आपला दरबार व्हर्सायच्या महालात नेला. तेथील बागेतल्या कारंज्यांसाठी सीन नदीवर चौदा चाकांचे प्रचंड यंत्र बसवावे लागले. मला विचाराल, तर आपल्याकडची युक्ती अधिक साधी!

हौज कटोऱ्याचे पूर्वी पाच मजले होते, असे सांगतात. आज तीनच उभे आहेत. परतवाडा-अचलपूरला गेलात, तर मोजून पाहा.