चालत्या घरांतील थंडी

अमेरिकेंत ज्यास मोटरहोम म्हणतात, तें वाहन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं चित्रांत पाहिलें असेल. ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत त्यांनीं कदाचित् त्यांतून प्रवासहि केला असेल. पुढें चालकाचें आसन, मागें शेगडी, मोरी, बिछाने, असा सगळा संसार चाकांवर घेऊन लोक हजारों मैल हिंडतात. नवें मोटरहोम फार महाग, म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबें वीस-पंचवीस वर्षांचें जुनें विकत घेतात; आणि अशा जुन्या गाडींत ज्या कांहीं वस्तु वारंवार रुसतात त्यांत डॅशबोर्डांतील हीटर हा एक होय. पुण्या-नाशकाच्या माणसास या रुसव्याचें महत्त्व चटकन् कळणार नाहीं. आम्हांसहि तें कळलें नव्हतें.

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत आम्ही पुतण्याच्या कुटुंबासह ओमाहाहून सॉल्ट लेक सिटीकडे निघालों होतों. गाडी १९९४ सालची. वायोमिंग संस्थानांतील शायेन शहर सोडलें तेव्हां सायंकाळ झाली होती. तेथून लारामीपर्यंतचा सुमारें पन्नास मैलांचा रस्ता चढत चढत ८६४० फुटांवर जातो. इंटरस्टेट ८० या सबंध महामार्गावरील तें सर्वांत उंच स्थळ. चढ लागला, बर्फाची भुरभुर सुरू झाली, आणि पुढील कांच आंतून धुरकट होऊं लागली. हीटरचें बटण शेवटपर्यंत फिरविलें होतें. पंख्याचा आवाज येई, वाराहि येई, पण तो गार. पांच माणसांचे श्वास कांचेवर जमत होते. सूनबाई रुमालानें कांच पुशी आणि पुसलेला भाग क्षणांत पुन्हां आंधळा होई. पुढें चाललेल्या मालमोटारींचे तांबडे दिवे नुसत्या कुंकवाच्या फराट्यांसारखे दिसत. शेवटीं शिखरावरील विश्रामस्थानीं, जेथें लिंकनचा प्रचंड अर्धपुतळा उंच चौथऱ्यावर बसविला आहे, तेथें पुतण्यानें गाडी थांबविली.

मुलांचे हात गारठले होते. "काका, शेगडी थोडा वेळ पेटवूं का? चारहि बर्नर लावले कीं पांच मिनिटांत ऊब येईल," असें सूनबाईनें विचारलें. आम्ही 'हो' म्हणणारच होतों. पुतण्यानें मात्र तिचा हात धरला. त्याचें म्हणणें बरोबर होतें. बंद गाडींत गॅसची शेगडी खोली तापविण्यासाठीं जाळणें म्हणजे प्राणाशीं खेळ. ज्योत हवेंतील प्राणवायु खाते आणि अपुऱ्या ज्वलनांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास ना वास ना रंग, माणूस झोप आली असें समजून कलंडतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला कीं दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, म्हणजे कांच अधिकच धुरकटते! गाडीच्या मागल्या भागासाठीं गॅसची भट्टी वेगळी असते. तिचा धूर नळीवाटें थेट बाहेर जातो आणि आंत येतो तो केवळ तापलेला वारा. गॅसच्या टाकीचा कॉक प्रवासांत बंद ठेवण्याचा पुतण्याचा नेम होता. तो उघडून त्यानें ती भट्टी चालू केली. तासाभरानें कांच सुकली. मग टाकी पुन्हां बंद करून, खिडक्या बोटभर उघड्या ठेवून, अंगावर रजया ओढून, लारामीपर्यंतचे उरलेले सुमारें दहा मैल आम्ही उतरलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका मेस्त्रीनें गाडीकडे पाहून सांगितलें कीं, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आंतील हीटरचा गाभा बदलावा लागेल, दोन दिवस मोडतील. खर्चाचा आंकडा ऐकून पुतण्या गप्प झाला. आम्हांस यंत्रविद्या येत नाहीं. परंतु नाडीस हात न लावतां निदान सांगणारा वैद्य आणि हा मेस्त्री यांत आम्हांस फरक दिसेना. आम्हीं पुतण्यास विचारलें, "अरे, हा हीटर ऊब आणतो तरी कोठून?"

उत्तर ऐकून आम्हांस नवल वाटलें. डॅशबोर्डाच्या हीटरांत विस्तव नसतोच. इंजिनांत पेट्रोल जळतें त्याची मोठी उष्णता वायां जाते. ती वाहून नेण्यासाठीं इंजिनाभोंवतीं पाणी व ग्लायकोल यांचें मिश्रण खेळवितात. त्यांतील थोडें दोन रबरी नळ्यांवाटें डॅशबोर्डामागील एका लहानशा रेडिएटरांतून फिरवितात, आणि पंखा त्यावरून वारा फुंकतो. म्हणजे ऊब ही इंजिनाची उच्छिष्ट, पाणी तिचा हमाल, आणि वारा तिचा वाढपी. तिघांपैकीं कोण कामावर आला नाहीं एवढेंच शोधावयाचें.

नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक येथें जसाच्या तसा लागूं पडतो. प्रथम उष्णतामापकाचा कांटा पाहावा. पंधरा-वीस मिनिटें गाडी चालूनहि तो वर चढत नसेल, तर इंजिनच तापत नाहीं. थर्मोस्टॅट नांवाची झडप, जी बहुधा ९० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उघडावयाची, ती उघडीच अडकली असावी. मिश्रण कमी झालें असेल तरी हीटर थंड पडतो; तें पाहावें, पण इंजिन पूर्ण निवाल्यावरच. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडून तोंड भाजून घेतलेल्यांची वाण कोणत्याच देशांत नाहीं. पंखाच फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. आणि तो वरच्या वेगावर फिरतो पण खालच्या वेगांवर फिरत नाहीं असें असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो.

आमच्या गाडींत कांटा योग्य जागीं होता आणि पंखाहि फिरत होता. तेव्हां राहिला तो हमाल. या जातीच्या गाडींत इंजिन दोन पुढच्या आसनांच्या मध्येंच असतें. त्यावरील झांकण आंतूनच उचलतां येतें. (हें झांकण नीट बसलें नाहीं तर इंजिनाचा विषारी धूर आंत शिरूं शकतो, हें ध्यानांत ठेवावें.) इंजिन तापवून पुतण्यानें तें बंद केलें, आणि हातमोजा घालून हीटरच्या दोन्ही नळ्या चांचपल्या. एक चटका देणारी, दुसरी थंडगार! दोन्ही गरम असत्या तर पाणी फिरतें आहे, दोष वाऱ्याच्या बाजूस आहे, असें ठरलें असतें. एक गरम व एक थंड, याचा अर्थ वाटेंत पाणी अडलें आहे: गाभा चोंदला असेल किंवा कोठें कॉक बंद असेल. मेस्त्रीनें पहिलें गृहीत धरलें. पुतण्यानें गरम नळी बोटांनीं चांचपत नेली, तों एका कोपऱ्यांत काजळीनें माखलेला एक पितळी कॉक लागला. तो बंद होता. उन्हाळ्यांत आसनांकडे उगाच ऊब येऊं नये म्हणून पूर्वींचे मालक असा कॉक बसवितात. गाडी विकतांना तें सांगण्याचें कोणास सुचतें? पुतण्यानें तो फिरविला. इंजिन पुन्हां चालू केल्यावर दहा मिनिटांत मुलें डॅशबोर्डापुढें हात शेकूं लागलीं.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. जुन्या गाडींत एका कार्याचीं दोन कारणें असूं शकतात, हें आम्ही विसरलों होतों. पश्चिमेकडे निघाल्यावर प्रत्येक चढावर पायांकडील ऊब नाहींशी होई आणि सगळा वारा कांचेकडे वळे. उतारावर पुन्हां पाय उबदार. या काळच्या गाड्यांत वारा कोठें सोडावा हें ठरविणाऱ्या झडपा पुष्कळदां इंजिनाच्या शोषानें हलतात. पेट्रोलचें इंजिन हवा ओढतें, तो ओढा बारीक नळीनें झडपांपर्यंत पोंचविलेला असतो. चढावर चालक पाय पूर्ण दाबतो तेव्हां हा शोष कमी होतो; त्या वेळेपुरता एका डब्यांत सांठविलेला शोष उपयोगीं पडावा व एकेरी झडपेनें तो राखावा, अशी योजना असते. नळी फुटली कीं सांठा टिकत नाहीं, आणि शोष गेला कीं वारा आपोआप कांचेकडे जातो. ही मात्र रचनाकाराची दूरदृष्टि: पाय गारठले तरी चालेल, पण चालकाची दृष्टि जातां कामा नये.

मुक्कामावर इंजिन चालू ठेवून कान दिला, तों बॅटरीजवळ सापाच्या फुत्कारासारखा बारीक आवाज. उष्णतेनें कडक होऊन प्लॅस्टिकची नळी तडकली होती. तडकलेला तुकडा कापून त्या जागीं रबरी नळीचा वीतभर तुकडा बसविला. खर्च एका जेवणाहूनहि कमी.

गाभा खरोखरच गळत असता तर लक्षणें निराळीं दिसलीं असतीं: पायांखालचा गालिचा ओला, कांचेवर चिकट थर, आणि गाडींत गोडसर वास. ग्लायकोल चवीस गोड पण विषारी आहे. लहान मुलें किंवा कुत्रीं असतील तेथें सांडलेला थेंबहि पुसून घ्यावा. अशा वेळीं मेस्त्री दोन्ही नळ्या गाभ्यास वगळून एकमेकींस जोडून देतो. हीटर चालत नाहीं, पण गाडी घरीं पोंचते.

घरीं परतल्यावर पुतण्यानें कॉकास तांबडा दोरा बांधला, आणि इंजिनाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस मराठींत चिठ्ठी चिकटविली: "दसऱ्यास उघडावा, अक्षय्यतृतीयेस बंद करावा." गाडी विकावयाची झाली तर ही चिठ्ठी वाचणार कोण, असें सूनबाईनें विचारलें. तेव्हां तिच्याखालीं त्यानें इंग्रजींतहि एक ओळ लिहिली.