शिक्षेची मुदत आणि संज्ञेची मुदत

नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहातून बंदी बाहेर पडतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याची शिक्षा संपलेली असते. भाषेच्या दृष्टीने मात्र ती संपतेच असे नाही. सातपूर वा अंबड येथील कारखान्यात तो काम मागावयास गेला, म्हणजे कारागृहात शिकलेली सुतारी वा विणकाम मागे पडून ‘तुरुंगातून सुटलेला’ हे एकच विशेषण पुढे येते.

या स्थितीचे मूळ अंशतः शब्दघटनेत आहे. ‘गुन्हेगार’ या फारसी घडणीच्या शब्दातील ‘गार’ हा प्रत्यय ‘कामगार’, ‘जादूगार’ या शब्दांत व्यवसाय दर्शवितो. त्यामुळे एकदाच घडलेली कृतीही कर्त्याचा कायमचा धर्म भासू लागते. याउलट ‘गुन्हा केलेला’ हे धातुसाधित कृतीला भूतकाळाची मर्यादा घालते व माणसाला तिच्याहून वेगळा ठेवते.

संज्ञा वागणूक घडविते, याचे कठोर उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने कित्येक जमातींना जन्मतःच हे विशेषण चिकटविले. १९५२ साली असे कायदे रद्द झाले व या जमातींसाठी ‘विमुक्त’ ही संज्ञा रूढ झाली. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयी स्वतंत्र कायदा झाला, आणि संशयाची नजर विमुक्तांच्या वस्त्यांवरून हटली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली व बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. नोंदवहीतील एक रकाना माणसाचे काम ठरवीत होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि केवळ शब्द बदलून पुनर्वसन होत नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली बंद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तिला तुरुंग न म्हणता ‘स्वतंत्रपूर’ म्हटले गेले. हे नाव सार्थ ठरले, ते तेथे शेती, कुटुंब आणि विश्वास ही तिन्ही लाभल्यामुळे. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

यास्तव नाशकात सुटून आलेल्या माणसाला प्रथम काम व निवारा हवा, हे उघडच आहे. पण त्या कामाच्या ठिकाणी त्याला ‘सुतार’ वा ‘विणकर’ म्हणून हाक मारली जाईल, तेव्हाच त्याच्या शिक्षेची मुदत खऱ्या अर्थाने पुरी होईल.